भाकितांची वही: प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

वहीचं पहिलं पान. काम थोडक्यात असं: कोणी भविष्य वर्तवलं, किंवा आपल्या अंगी दैवी शक्ती आहे असं सांगितलं, तर ते तपासायचं कसं याची पद्धत बसवायची. खरं निघो, खोटं निघो, पद्धत तीच राहिली पाहिजे. आम्ही तिघं आहोत. मी शीट सांभाळणार, संख्याशास्त्र शिकवणारी मैत्रीण माझे हिशेब तपासणार आणि काका शब्द तपासणार. काकांची सगळी नोकरी मुद्रितशोधनात गेली. माणूस पक्का भाविक. तुम्ही या भानगडीत कसे, असं विचारलं तर म्हणाले, ‘अरे, मला देव मानायचाय. म्हणून त्याच्या नावावर कोणी काहीही खपवलेलं मला चालत नाही.’

वर्षारंभाच्या भाकितांमधून ६० वाक्यं उचलली. सांगणाऱ्यांची नावं काढून नुसती वाक्यं छापली आणि काकांना दिली. तासाभरात कागद लाल झाला. एक वाक्य असं होतं: ‘येत्या काळात एका बड्या नेत्याला मोठ्या संकटाला सामोरं जावं लागण्याची शक्यता आहे.’ काकांनी ‘येत्या काळात’खाली रेघ मारून समासात लिहिलं होतं: कधी संपतो? ‘एका’खाली: कोणत्या? ‘बड्या’: कोण ठरवणार? ‘संकटाला’: सर्दी चालेल का? आणि ‘शक्यता आहे’भोवती गोल: म्हणजे नाही झालं तरी बरोबरच. अख्ख्या वाक्यात ‘नेत्याला’ तेवढं शाबूत राहिलं होतं.

६०पैकी ११ तगली. बाद झालेली ४९ खोटी आहेत असं आम्ही म्हणत नाही, हे शीटमध्ये वेगळं लिहून ठेवलं. ती चुकण्याची सोयच नाही, म्हणून बाहेर.

११ जानेवारी

असली तपासणी किती जुनी असेल, यावर बोलणं निघालं आणि मी हिरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार काढला. लिडियाचा राजा क्रीसस. गोष्ट सांगितली तशीच घडली असेल असं नाही, पण चाचणीची मांडणी बघण्यासारखी आहे. पर्शियावर चाल करून जायचं की नाही हे त्याला देववाणीला विचारायचं होतं. पण कुठल्या देववाणीला? म्हणून त्याने आधी सात ठिकाणी दूत धाडले. निघाल्यापासून शंभराव्या दिवशी सगळ्यांनी एकच प्रश्न विचारायचा, ‘राजा आत्ता काय करतोय?’ आणि उत्तर लिहून आणायचं. त्या दिवशी राजाने कासव आणि कोकराचं मांस कापून काशाच्या भांड्यात शिजवलं, वर काशाचंच झाकण. सहज सुचणार नाही असं काहीतरी मुद्दाम. डेल्फीचं उत्तर बरोबर आलं.

मैत्रीण खूश. उत्तर पडताळता येणारं, अंदाजाने सांगता न येणारं, सगळ्यांना एकच दिवस, आणि उत्तर लेखी. अडीच हजार वर्षांपूर्वी याहून काय जास्त करणार? पण खरी गंमत पुढे आहे. इतकी काळजी घेणाऱ्या राजाने मग युद्धाचं विचारलं, आणि उत्तर आलं की तू पर्शियावर गेलास तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. तो हॅलिस नदी ओलांडून गेला. साम्राज्य नष्ट झालं, त्याचं स्वतःचं.

काका म्हणाले, ‘ “कोणतं?” एवढं समासात लिहायला त्याच्या पदरी माणूस नव्हता.’

२५ जानेवारी

आज हबकलो. पद्धतीची रंगीत तालीम म्हणून गेल्या वर्षीची भाकितं घेतली, काकांच्या चाळणीतून पार झालेली २४. त्यातली १९ खरी ठरली. म्हणजे ७९ टक्के. मी मैत्रिणीला फोन केला तेव्हा माझा आवाज जरा बदललेला असावा, कारण ती आधी हसलीच. मग तिने फिनलीची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत १८८४ साली जॉन फिनली नावाच्या हवामान अधिकाऱ्याने चक्रीवादळांचे, म्हणजे टॉर्नेडोंचे अंदाज वर्तवून पाहिले. एकूण अंदाज २,८०३. ‘टॉर्नेडो होणार’ म्हटलं आणि झाला असे २८. ‘होणार’ म्हटलं आणि झाला नाही असे ७२. ‘नाही’ म्हटलं आणि झाला असे २३. उरलेले २,६८० म्हणजे ‘नाही’ म्हटलं आणि खरंच झाला नाही. हिशेब केला तर ९६.६ टक्के बरोबर. सगळे थक्क. मग कोणीतरी दाखवून दिलं की डोळे मिटून रोज ‘टॉर्नेडो होणार नाही’ एवढंच म्हणत बसलं असतं, तर ९८.२ टक्के गुण मिळाले असते.

घरी येऊन माझी १९ पुन्हा पाहिली. त्यातली सात ‘जगात मोठा भूकंप होईल’ या जातीची. रिश्टर म्हणा, आताचं परिमाण म्हणा, सातच्या वरचे भूकंप जगात वर्षाला सरासरी १५च्या आसपास होतात. सहाच्या वरचे शंभराहून जास्त, म्हणजे आठवड्याला दोन तरी. ‘येत्या पंधरवड्यात पृथ्वीवर कुठेतरी सहाच्या वरचा भूकंप’ असं कोणीही, कधीही सांगावं.

तेव्हा नवा रकाना: मूळ प्रमाण. काहीही शक्ती नसताना हे विधान किती वेळा खरं ठरलं असतं? सगळ्या शीटमधला सर्वांत किचकट रकाना हाच होणार. भूकंपाचे आकडे मिळतात. ‘एका ज्येष्ठ कलावंताचं निधन’ याचं मूळ प्रमाण काढायचं तर आधी ज्येष्ठ कलावंतांची यादी करावी लागते, आणि ती करताना मीच लबाडी करू शकतो.

८ फेब्रुवारी

केलीच. लबाडी म्हणजे ठरवून नव्हे.

त्या २४ भाकितांचा निकाल मी आणि मैत्रिणीने वेगवेगळा लावला होता. पाच ठिकाणी आमचं जुळलं नाही. बसून पाहिलं तर पाचपैकी तीन विधानं एका अर्थतज्ज्ञाची होती. त्यांचं लेखन मला आवडतं. ‘मंदी’ म्हटलं होतं, मंदी आली नव्हती, वाढीचा वेग जरा कमी झाला होता, आणि मी ‘बरोबर’ लिहून मोकळा. हेच विधान एखाद्या बाबांचं असतं तर? उत्तर मला माहीत आहे. वाक्यांवर नावं नव्हती, पण गोळा मीच केली होती, त्यामुळे कोणाचं काय ते मला पाठ होतं.

नियम: जो गोळा करतो तो निकाल लावणार नाही. आणि अर्थतज्ज्ञ, निवडणूक पंडित, बाबा, सगळ्यांची वाक्यं एकाच गठ्ठ्यात मिसळून जाणार. बाबांना वेगळी फूटपट्टी लावली तर या वहीला काही अर्थच नाही.

१५ फेब्रुवारी

काकांना संभाव्यता सांगण्याचा आजवरचा सर्वांत यशस्वी प्रयत्न. नायक: पॉल नावाचा ऑक्टोपस. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात त्याच्यासमोर दोन डबे ठेवायचे, दोन्हींवर संघांचे झेंडे, आत खाऊ. ज्या डब्यातलं आधी खाईल तो संघ जिंकणार. जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना, आठपैकी आठ बरोबर. नाणं उडवून असं २५६ वेळांत एकदा होतं.

‘म्हणजे त्याला कळत होतं?’ काकांनी अर्धवट गंमतीत विचारलं.

मी लॅपटॉपवर १,०२४ ‘भविष्यवेत्ते’ तयार केले, प्रत्येकाने दहा नाणेफेकींचा निकाल आधी सांगायचा. सगळे यंत्रातले, डोकं कोणालाच नाही. सरासरी एकाचे दहापैकी दहा बरोबर येतात. पहिल्या फेरीत दोघांचे आले. काकांनी त्या दोघांचे क्रमांक विचारून कागदावर लिहून घेतले आणि म्हणाले, ‘आता फक्त यांचीच बातमी छाप. बाकीचे १,०२२ कुठे गेले, हे कोण विचारतंय?’ मला वाटतं आता त्यांना माझ्यापेक्षा बरं कळलंय.

याचं माणसातलं उदाहरण जीन डिक्सन, अमेरिकेतल्या भविष्य सांगणाऱ्या बाई. १९५६ साली एका साप्ताहिकात छापून आलं की १९६० ची अमेरिकेची निवडणूक डेमोक्रॅट उमेदवार जिंकेल आणि तो पदावर असताना मरेल किंवा मारला जाईल. केनेडींच्या हत्येनंतर त्या जगप्रसिद्ध झाल्या. १९६० साली त्यांनीच निक्सन जिंकतील असंही सांगितलं होतं, ते मागे राहिलं. म्हणून शीटमध्ये व्यक्तीचं एखादं भाकीत नोंदवायचं नाही. नोंदवायची तर त्या काळातली सगळी.

२८ फेब्रुवारी

छोटी नोंद. मुदत पुढे ढकलली तर काय करायचं? अमेरिकेतला धर्मोपदेशक विल्यम मिलर, त्याच्या अनुयायांनी येशूच्या पुनरागमनाचा दिवस म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ धरला होता. रेडिओवरून धर्मप्रचार करणाऱ्या हॅरल्ड कॅम्पिंगने न्यायाचा दिवस २१ मे २०११ सांगितला, तो दिवस साधा गेला, मग २१ ऑक्टोबर. ठरलं: जुनी ओळ ‘चुकलं’ म्हणून बंद, नवी तारीख म्हणजे नवी ओळ. ‘आध्यात्मिक अर्थाने घडलं’ याला रकाना नाही. मात्र कॅम्पिंगने पुढच्या वर्षी आपण चुकलो, तारीख सांगायलाच नको होती असं जाहीर कबूल केलं. त्यासाठी मी एक रकाना वाढवलाय. आतापर्यंत त्यात तो एकटाच आहे.

९ मार्च

‘मी हे आधीच सांगितलं होतं.’ कधी, कोणाला, कुठे? सीलबंद पाकीट हा जुना उपाय, पण त्यात पळवाट आहे: दहा पाकिटं दहा जणांकडे ठेवायची आणि बरोबर निघेल तेवढंच उघडायचं. म्हणून किती पाकिटं आहेत ते आधी जाहीर झालं पाहिजे. आम्ही कागदाऐवजी मजकुराचा डिजिटल ठसा घेणार, एसएचए-२५६ पद्धतीने. ६४ चिन्हांची एक ओळ मिळते, ती सगळ्यांना उघड पाठवायची. मजकूर गुप्त राहतो, आणि नंतर त्यात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा साफ वेगळा येतो. स्वल्पविरामाचं ऐकून काका भलतेच खूश. ‘नोकरीत असताना हे पाहिजे होतं.’

२३ मार्च

आजची बैठक लांबली. इतके दिवस भाकितं होती, आता दैवी दावे. शीटमध्ये ‘मी ईश्वराचा अंश आहे’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचे सगळे रकाने कोरे. कधी? किती? चुकलं हे कशावरून कळेल? काहीच भरता येईना.

मी म्हटलं, काढून टाकू. काका म्हणाले, ‘थांब. तो तेवढंच म्हणतो की पुढेही काही म्हणतो?’ पुढे बरंच होतं. बंद पाकिटातलं वाचतो, हात लावून दुखणं घालवतो, भक्ताच्या मनातलं ओळखतो. मग त्या एका ओळीच्या चार केल्या. तीन तपासता येतील अशा. पहिली तशीच कोरी ठेवली, ‘या वहीच्या बाहेर’ असा शेरा मारून.

मग प्रश्न असा आला की तिन्ही ओळी उद्या खऱ्या निघाल्या, तर पहिली खरी ठरेल का? मैत्रीण म्हणाली, नाही. काका म्हणाले, नाही. मला वाटलं होतं इथे तरी भांडण होईल. उलट काकांनी बायबलमधलं ‘अनुवाद’ पुस्तक काढून दाखवलं. अठराव्या अध्यायात म्हटलंय की परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते त्याचं वचन नव्हे. पण तेराव्या अध्यायात म्हटलंय की एखाद्याने सांगितलेलं चिन्ह खरोखर घडलं आणि तो तुम्हाला दुसऱ्या देवांकडे नेऊ लागला, तर त्याचं ऐकू नका. म्हणजे भाकीत चुकलं तर माणूस नापास. बरोबर आलं तर एवढ्यावर पास मात्र नाही. ज्यांनी हे लिहिलं ते श्रद्धावान होते, आणि बरोबर उत्तर कुठून आलं हा प्रश्न त्यांनी वेगळा ठेवला होता.

तो वेगळा का ठेवायचा याचा पुरावा १९८६ चा. पीटर पॉपॉफ हे अमेरिकेतले धर्मप्रचारक भर सभेत अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार अचूक सांगत. आमच्या शीटमध्ये त्यांना शंभरपैकी शंभर पडले असते, मूळ प्रमाण जवळपास शून्य धरून. असले दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या साथीदारांनी सभागृहात रेडिओ स्कॅनर लावला तर ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफबाईंचा आवाज. लोकांनी आधी भरून दिलेली माहिती त्या नवऱ्याच्या कानात वाचून दाखवत होत्या. उत्तर बरोबरच होतं, फक्त ते आलं होतं मागच्या खोलीतून.

१९९५ च्या सप्टेंबरात मूर्ती दूध पितात म्हणून जगभर रांगा लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी वाद घातला नाही, दुधात रंग घातला. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे ओढलं जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरताना दिसलं. माझ्या मते हा या सगळ्या विषयातला सर्वांत स्वस्त आणि देखणा प्रयोग.

शेवटी प्रार्थनेवर आलो. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास, हृदयाच्या बायपासचे १,८०२ रुग्ण, तीन गट. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नसलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी झाली त्या गटात ५२ टक्क्यांना गुंतागुंत, ज्यांच्यासाठी झाली नाही त्या गटात ५१ टक्क्यांना. आणि प्रार्थना होतेय हे पक्कं माहीत असलेल्या गटात ५९ टक्क्यांना. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे छाप. पण मथळा “देव नाही” असा देऊ नकोस. तो यात तपासलाच नाहीये.’ मथळा त्यांनीच दिला: ‘अनोळखी माणसांनी केलेल्या प्रार्थनेचा बायपासनंतरच्या गुंतागुंतीवर परिणाम आढळला नाही.’ मुद्रितशोधकाचा मथळा, कोणी वाचणार नाही. पण चूक काढता येत नाही.

५ एप्रिल

एक बाई चाचणीला तयार आहेत. पाच बंद डब्यांपैकी कोणत्यात फोटो ठेवलाय ते त्यांना जाणवतं, असं त्या सांगतात. पैसे घेत नाहीत, प्रसिद्धी नको. बोलण्यावरून प्रामाणिक वाटतात, आणि त्यामुळेच मला टेन्शन आलंय.

२५ फेऱ्या. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतील. १२ किंवा अधिक आल्या तर मान्य, कारण योगायोगाने तसं साडेसहाशे वेळांत एखादवेळी होईल. हा आकडा आधी ठरवणं हाच सगळ्याचा कणा आहे. जयंत नारळीकरांच्या चाचणीत २०० कुंडल्या होत्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० दिल्या, आणि किमान २८ बरोबर यायला हव्यात हे आधीच ठरलं होतं. २७ जणांची उत्तरं आली, सर्वांत जास्त २४. एका संस्थेने सगळ्या २०० तपासल्या, बरोबर १०२. १९८५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या शॉन कार्लसनच्या चाचणीत तर अपेक्षा ज्योतिषांनाच विचारली होती. तीन व्यक्तिवर्णनांतून कुंडलीशी जुळणारं एक निवडायचं. ते म्हणाले, निम्मी तरी बरोबर येतील. आली एकतृतीयांश, म्हणजे चिठ्ठी टाकून येतात तेवढीच.

आज तालीम घेतली, काकांना बसवून. काकांचे २५पैकी ९ आले! ते स्वतःच घाबरले. कारण सापडायला अर्धा तास लागला. डब्यांचा क्रम मी मनाने लिहिला होता, आणि माणूस मनाने लिहितो तेव्हा एकच आकडा लागोपाठ दोनदा लिहायला बिचकतो. माझ्या अख्ख्या यादीत लागोपाठची एकही पुनरावृत्ती नव्हती. मागच्या फेरीचं उत्तर कळलं की सांगणाराही तोच डबा पुन्हा सांगायला बिचकतो, मग दोघांचं जरुरीपेक्षा जास्त जुळतं. फासे टाकून क्रम काढला, काकांचे ४ आले.

ओळखीतल्या एका हौशी जादूगारालाही बोलावलं होतं. त्याने पाच मिनिटांत दाखवलं की एका डब्याचं झाकण फोटो घालताना किंचित वाकतं. मला आठ दिवसांत दिसलं नव्हतं. शिवाय डबे लावणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही, हे त्याने दोनदा बजावलं. मालकाच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखणारा जर्मनीतला हान्स नावाचा घोडा मला आठवला. मालक बिचारा प्रामाणिक होता.

१२ एप्रिल

चाचणी झाली. आधी पाच उघड फेऱ्या घेतल्या, फोटो कुठे आहे ते बाईंना दाखवून. पाचही वेळा ‘जाणवतंय’ म्हणाल्या. मग काकांनी विचारलं, ‘ताई, आज तब्येत, मन, जागा, सगळं ठीक? काही अडचण असेल तर आत्ता सांगा, आपण दुसरा दिवस घेऊ.’ ठीक आहे म्हणाल्या, तशी सही केली.

२५पैकी ६.

खोलीत कोणीच काही बोलेना. मी मनाशी उत्तरांची तयारी करून बसलो होतो: ‘वातावरणात अविश्वास होता’ वगैरे. त्या तसलं काही बोलल्या नाहीत. शीट मागितलं, बोट फिरवत वाचलं आणि आठव्या, नवव्या, दहाव्या फेरीवर थांबल्या. लागोपाठ तीन बरोबर. ‘इथे लागलं होतं हो. इथे मला अगदी स्वच्छ जाणवत होतं.’

मैत्रिणीने हळूच हिशेब केला. २५ फेऱ्यांत कुठेतरी लागोपाठ तीन बरोबर येणं योगायोगानेच साधारण सातात एकदा होतं. तिने ते सांगितलं, फार हळुवारपणे. बाईंनी ऐकून घेतलं. मग काकांकडे वळल्या.

‘आणि काका, समजा मी सातवी फेरी झाल्यावर म्हटलं असतं, की आता पुढच्या तीन लागणार, तर?’

‘तर ते मोजलं असतं,’ काका म्हणाले.

१३ एप्रिल

सकाळी बाईंचा फोन. पुन्हा बसायचंय. या वेळी प्रत्येक फेरीआधी ‘स्वच्छ’ की ‘अंधुक’ ते सांगणार, आणि फक्त ‘स्वच्छ’ फेऱ्या मोजायच्या. मैत्रीण म्हणाली, चालेल, मात्र ‘स्वच्छ’ फेऱ्या किमान २५ भरेपर्यंत थांबायचं नाही आणि २५ भरल्यावर एकही जास्त घ्यायची नाही. पार करायचा आकडा तोच, १२.

दुपारी त्या येऊन दावा लिहून गेल्या. काकांनी लाल पेन्सिल पुढे केली होती, पण त्यांना काही करावं लागलं नाही. ‘स्वच्छ फेऱ्यांत बहुधा १२ किंवा अधिक बरोबर येतील’ असं लिहून बाई क्षणभर थांबल्या आणि ‘बहुधा’ त्यांनीच खोडलं. ओळ क्रमांक ३१. ठसा घेऊन चौघांना पाठवला. तारीख ३ मे.

माझ्याकडची कामं: वाकणारं झाकण बदलणे, फासे नवीन आणणे.